मोठं घेतलं तरी हात वर जात नाहीत

प्रश्न : आयुष्यात पहिल्यांदाच लेदर जॅकेट घेतोय. साइज ठरेना म्हणून एकाच डिझाइनची एम आणि एल अशी दोन्ही मागवली. एक परत पाठवायला दहा दिवस आहेत. माझी उंची पाच फूट नऊ इंच, छाती ३९, पोट ३७, खांदा साडेसतरा. जॅकेटं टेबलावर पसरून मोजली तर काखेपासून काखेपर्यंत एम २१ इंच आणि एल साडेबावीस भरतं. एमची चेन लागते, पण छातीला आवळल्यासारखं वाटतं, हात समोर नेले की पाठीत ताणतं आणि बाह्या अंगठ्याच्या बुडापर्यंत येतात. एलमध्ये चेन आरामात लागते, स्वेटरही मावतो. पण खांदा दोन्हीकडे बोटभर खाली उतरतो आणि गंमत म्हणजे एवढं ढगळ असूनही हात वर केला की अख्खं जॅकेट वर चढतं. घरचे म्हणतात मोठं घे, लेदर काय रोज घेतो का. मित्र म्हणतो लहान घे, लेदर सैल पडतं. आठवड्यातून दोन-तीनदा मोटारसायकलवरही घालणार आहे. एल ठेवून टेलरकडून आत घ्यावं का? (नाव छापू नये)

उत्तर : एम ठेवा, एल परत पाठवा. टेलरकडे जाऊच नका.

तुमच्या दोन तक्रारी एकाच वजनाच्या नाहीत. नवं जॅकेट छातीला आवळतं, ही तक्रार बहुतेक वेळा वापराने जाते. खांदा उतरतो, ही तक्रार जॅकेट आहे तोवर राहते. सुती शर्टाचा खांदा थोडा उतरला तर कापड हलकं असल्यामुळे ते नुसतं ढिलं दिसतं. लेदर जॅकेट दीड किलोपासून तीन किलोंपर्यंत भरतं आणि हे सगळं वजन खांद्यावर तोललेलं असतं. शिवण खांद्याच्या हाडावर असेल तर वजन हाडावर येतं. ती बोटभर खाली दंडावर गेली तर बाहीचा वरचा गोल आत बसतो, तिथे खळगा पडतो आणि दिवसभर कुणीतरी दोन्ही दंड खाली ओढतंय असं वाटत राहतं.

खांदा मापताना टेप मानेमागून एका खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची. हे टोक सापडत नसेल तर हात बाजूला आडवा उचला. दंड आणि खांदा यांच्यामध्ये जिथे खड्डा पडतो, त्याच्या लगेच वरचं हाड ते. जॅकेट पालथं पसरून शिवणीपासून शिवणीपर्यंत मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. जॅकेट अंगापेक्षा अर्धा इंच जास्त, म्हणजे प्रत्येक बाजूला पाव इंच, हे उत्तम. पाऊण इंच जास्त असेल तरी चालवून घेता येईल. तुमच्या एलचा खांदा दोन्हीकडे बोटभर उतरतो म्हणजे तो एकूण दीड इंचाने तरी जास्त आहे, आणि ते आम्ही चालवून घेणार नाही. फक्त रॅगलन बाहीच्या जॅकेटांना हे माप लागू नाही. तिथे खांद्यावर शिवणच नसते, त्यामुळे मानेच्या मधल्या हाडापासून खांद्यावरून मनगटापर्यंत एकच लांब माप घ्यावं लागतं.

आता हात वर केल्यावर जॅकेट का चढतं ते पाहू, कारण खरी गोम तिथे आहे. तुम्ही एलमध्ये मोकळेपणा शोधत होतात आणि मिळाला उलटाच अनुभव. मोकळेपणा घेरात नसतो, तो मुंढ्यात असतो. मुंढा म्हणजे बाही अंगाला जिथे जोडलेली असते तो गोल. हा गोल काखेच्या जवळ, उंच बेतलेला असेल तर हात वर जाताना बाही खांद्याभोवती फिरते आणि जॅकेटचं अंग जागच्या जागी राहतं. मुंढा खाली, बरगड्यांपर्यंत उतरलेला असेल तर बाहीची खालची बाजू आणि जॅकेटची कूस (बाजूची उभी शिवण) एकमेकींना बांधल्यासारख्या होतात; हात उचलला की बाही कुशीला ओढते, कूस घेराला ओढते आणि पोट उघडं पडतं. साइज वाढवली की घेराबरोबर मुंढाही खाली जातो. म्हणूनच एलमध्ये हवा खूप आणि हालचाल कमी. घरी तपासायचं असेल तर जॅकेट घालून हात सरळ खाली सोडा आणि दुसऱ्या हाताची बोटं काखेत सरकवून काख आणि शिवण यांच्यातलं अंतर बघा. इंचभर, फार तर दीड इंच ठीक. अख्खा पंजा मावत असेल तर ते जॅकेट तुमच्यासाठी बेतलेलं नाही. पहिल्यांदा घालणाऱ्याला उंच मुंढा काखेत लागल्यासारखा वाटतो आणि तेवढ्यावरून तो जॅकेट नापास करतो. शिवण मांसात रुतत नसेल, नुसती टेकत असेल, तर ती योग्य जागी आहे.

छातीचा हिशोब तुम्ही अर्धा करूनच ठेवलाय. टेबलावरचं माप दुप्पट करा : एम ४२, एल ४५. तुमची छाती ३९. एममध्ये तीन इंच मोकळे, एलमध्ये सहा. टी-शर्ट किंवा शर्टावर घालायच्या अंगासरशी जॅकेटला दोन ते तीन इंच पुरतात. आत स्वेटर हवा असेल तर चार ते पाच. मात्र हे बाहेरून घेतलेलं माप आहे आणि अंग असतं आत. जाडीचा प्रत्येक मिलिमीटर आतल्या घेरातून सहा मिलिमीटर खातो. वर्तुळाचा साधा नियम आहे. एक मिलिमीटर चामडं आणि त्याखाली एक मिलिमीटर अस्तर, म्हणजे सव्वा सेंटिमीटर, जवळपास अर्धा इंच गेला. क्विल्टिंग केलेलं, म्हणजे आत भरण घालून टाचलेलं, पाच मिलिमीटरचं अस्तर असेल तर तेच सव्वा इंच खातं. त्यामुळे बाहेरून ४२ भरणारी दोन जॅकेटं, एक साध्या अस्तराचं आणि एक क्विल्टेड, अंगाला एक साइज फरकाची वाटतात. हाच नियम स्वेटरला लावा : चार मिलिमीटर जाडीचा स्वेटर एक इंच मागतो. तुमच्या एमचं अस्तर साधं असेल तर त्यात खरे अडीच इंच आहेत. पातळ स्वेटर घातल्यावर दीड उरतो. जाड लोकरीचा मात्र मावणार नाही, आणि वर्षातल्या मोजक्या थंड दिवसांसाठी उरलेलं वर्ष ढगळ जॅकेट घालण्यात आम्हाला शहाणपण दिसत नाही. थंडी फार असेल तेव्हा आत पातळ थर्मल घाला.

मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. चामडं सैलावतं, पण सगळीकडे नाही आणि हवं तेवढं नाही. वापरात ते कोपराला, खांद्यांच्या मागे आणि छातीच्या घेरात नरम पडून अर्धा इंच, मऊ मेंढीच्या कातड्यात फार तर एक इंच देतं. खांद्याची शिवण आणि लांबी देत नाही. उलट बाही आखूड होते, ते पुढे येईलच. मेंढीच्या कोकराचं लँबस्किन साधारण पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतं, ते आठवडाभरात अंगाची ओळख करून घेतं. शेळीचं गोटस्किन तेवढंच पातळ किंवा थोडं जाड, पण चिवट. गाईचं जाड काउहाइड एक मिलिमीटरपासून सव्वा-दीडपर्यंत जातं आणि ते नरम पडायला महिने लागतात. म्हणून ‘सैल पडेल’ या भरवशावर चेनच न लागणारं जॅकेट घेणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

अजून एक गोष्ट मित्राने सांगितली नसेल : चामडं सैल पडलं तरी अस्तर पडत नाही. पॉलिएस्टरचं किंवा व्हिस्कोसचं अस्तर जसं शिवलं तसंच राहतं. जॅकेट उलटं करून पाठीच्या आतल्या बाजूला मधोमध बघा. चांगल्या शिलाईत तिथे वरून खाली एक चुणी सोडलेली असते. हात पुढे गेले की ती उघडते आणि अस्तर चामड्याबरोबर पसरतं. ती चुणी नसेल आणि अस्तर ढोलासारखं ताणून बसवलेलं असेल तर पाठीतला ताण बऱ्याचदा चामड्याचा नसून अस्तराचा असतो, आणि पहिल्याच हिवाळ्यात ते मुंढ्याच्या शिवणीपाशी उसवतं. तुमच्या एमची ही चुणी आजच तपासा.

पाठीत ताणतं म्हणालात, तिथे एम खरंच लहान आहे की नुसतं नवं आहे, हे ठरवायला हवं. चेन लावा आणि समोरच्या माणसाला मिठी मारतोय तसे दोन्ही हात पुढे घ्या. मागच्या मुंढ्याची शिवण काखेच्या मागच्या बाजूला रुतते का? बाही मनगटाच्या हाडाच्या वर दोन इंचांहून जास्त सरकते का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर पाठ अरुंद आहे आणि आमचा सल्ला बदलेल : तेव्हा दोन्ही परत करा आणि खांद्यामागे घड्या असलेलं, म्हणजे हात पुढे गेले की पाठ उघडणारं डिझाइन बघा. पण जाड पुठ्ठा वाकवताना लागतो तसा नुसता सगळीकडे सारखा विरोध जाणवत असेल तर तो चामड्याचा नवेपणा आहे.

बाकी निकाल आरसा देतो. चेन वरपर्यंत लावा, हात सैल सोडा आणि चुण्या वाचा. चेनीपासून दोन्ही काखांकडे आडव्या रेघा जात असतील तर छातीत कमी आहे. पोटावर फुलीसारख्या रेघा असतील तर पोटात कमी. छातीच्या कडेला मुंढ्यालगत उभा झोळ लोंबत असेल तर छातीत किंवा खांद्यात जास्त. दात ताणले जाऊन चेन नागमोडी दिसते का, तेही बघा. तशी दिसत असेल तर ती आज लागली तरी काही महिन्यांनी निसटणार. कॉलरच्या खाली, मानेमागे आडवी वळी येत असेल तर मात्र साइज बदलून उपयोग नाही. ती तुमच्या खांद्यांच्या उताराची आणि जॅकेटच्या बेताची तफावत असते, दुसऱ्या बेताचं जॅकेट लागतं. उभ्या कॉलरचं असेल तर चेन पूर्ण लावून गळ्यात दोन बोटं जायला हवीत.

बाह्या लांब आहेत म्हणून एम मोठं आहे, असा अर्थ काढू नका. नव्या जॅकेटची बाही मनगटाच्या हाडाच्या पुढे इंचभर असणं योग्यच. कोपरात रोजच्या वाकण्याने ज्या घड्या बसतात त्या कायमच्या होतात, आणि प्रत्येक घडी थोडी लांबी गिळते. महिन्याभरात बाही अर्धा ते पाऊण इंच वर जाते. मोटारसायकलच्या हँडलपर्यंत हात पुढे गेले की आणखी वर. आज मनगटावर बरोब्बर बसणारी बाही पुढच्या हंगामात आखूड असते. विणलेल्या कफची जॅकेटं इथे सोशिक असतात, कारण कफ मनगटाला धरून ठेवतो आणि जास्तीची बाही वर फुगते. अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांसाठी १९३१ मध्ये आलेल्या ए-२ जॅकेटचे कफ आणि कमरेचा पट्टा असेच विणलेले होते.

लांबीचं थोडक्यात : बायकर किंवा कॅफे रेसर (आखूड, उभ्या कॉलरच्या) पद्धतीचं जॅकेट पट्ट्याच्या बकलापाशी संपावं, पाठीमागे इंचभर खाली चालेल. त्याहून लांब असेल तर बसल्यावर खालची कड मांडीवर आपटते आणि चेन छातीपाशी फुगून हनुवटीला येते. न्यूयॉर्कच्या अर्विंग शॉट यांनी १९२८ मध्ये मोटारसायकलसाठी जे परफेक्टो जॅकेट काढलं, ते आखूड आणि तिरक्या चेनीचं आहे. पुढे वाकून बसल्यावर असा बेत पोटाशी गोळा होत नाही. तुमचं पोट छातीपेक्षा दोनच इंच कमी आहे, म्हणजे कमरेत निमुळतं होत जाणारं जॅकेट तुम्हाला बसल्यावर त्रास देईल. एमचा खालचा घेर मोजा. तो ३९ ते ४० भरायला हवा. खुर्चीत बसून चेन लावून बघा. दोन्हीकडून उघडणारी चेन असेल तर खालून तीन-चार इंच उघडली की प्रश्न मिटतो. कडेला बकल किंवा दोऱ्या असतील तर त्या आज सगळ्यात सैल ठेवून तपासा. पोट सुटलेल्यांनी पोटाच्या मापाने साइज वाढवू नये. खांदा आणि छाती बसेल ते घ्यावं आणि सरळ बेताचं शोधावं. स्त्रियांसाठीही खांदा-मुंढ्याचा हिशोब हाच, फक्त छातीचं माप सर्वांत भरलेल्या जागी घ्यायचं आणि पुढच्या उभ्या शिवणी छातीच्या मध्यावरून जातात ना ते पाहायचं. त्या तिथून सरकल्या असतील तर ते जॅकेट तुमच्या मापाचं नाही.

लेबलवरच्या आकड्यांवर फार विसंबू नका. ४० लिहिलं असेल तर ते बहुधा इंचात अंगाची छाती असते. युरोपीय ५० म्हणजे सेंटिमीटरमधल्या छातीच्या निम्मं, म्हणून ४० आणि ५० जवळपास एकच. एम-एलला मात्र कुणीच धनी नाही. शिवाय कातडं पाठीच्या भागात घट्ट आणि पोटाच्या भागात ताणणारं असतं, त्यामुळे एकाच साइजची दोन जॅकेटंसुद्धा पाव-अर्ध्या इंचाने वेगळी निघतात. दुसऱ्यांदा मागवलं तरी मोजायचा कंटाळा करू नका.

मोटारसायकलचा मुद्दा वेगळा काढावा लागतो. तुमचं जॅकेट पाऊण मिलिमीटरचं फॅशनसाठीचं असेल तर ते वाऱ्यापासून वाचवतं, रस्त्यावर घसरताना नाही. गाडीसाठीच्या कपड्यांना ईएन १७०९२ या युरोपीय मानकाखाली एएए, एए, ए असे उतरत्या संरक्षणाचे वर्ग असतात आणि कोपर-खांद्याच्या संरक्षक गाद्यांना ईएन १६२१-१ असं चिन्ह असतं. आतल्या लेबलवर ते शोधा. गाद्या असतील तर त्या गाडीवर बसल्यासारखे हात वाकवून तपासायच्या : गादीचा मधला भाग कोपराच्या टोकावर यायला हवा, आणि बाही हाताने पिळली तर गादी फिरून बाजूला जाता कामा नये. ढगळ बाहीत ती फिरते, म्हणजे नेमकी लागेल तेव्हा जागेवर नसते. गाडीच्या बाबतीत एल बाद व्हायला हे एकच कारण पुरे.

राहिला टेलरचा प्रश्न. कापडात सुई गेली की धागे पुन्हा मिटतात, चामड्यात गेली की भोक कायम राहतं. त्यामुळे चामडं सोडवून वाढवता येत नाही. शिवणीत माया, म्हणजे आत राखलेली जादा पट्टी, जेमतेम असते, तीही बऱ्याचदा चिकटवलेली, आणि जुन्या भोकांची रांग बाहेर दिसते. आत घेणं शक्य असतं, तेही कुशीतून, एकूण इंच-दीड इंच; त्याहून जास्त घेतलं तर खिसे पाठीकडे सरकतात. खांदा आत घ्यायचा तर अस्तर उसवून दोन्ही बाह्या काढाव्या लागतात, मुंढा नव्याने कापावा लागतो आणि मग बाहीचा गोल त्या मुंढ्याला मोठा होतो. खाली उतरलेला मुंढा वर चढवायचा तर चामडं भरावं लागतं, ते कुठून आणणार? म्हणजे एलमधला तुमचा मुख्य दोष दुरुस्त होणारच नाही. एमच्या बाहीचं काम मात्र जमण्यासारखं आहे, पण कफला चेन नसेल तरच सोपं. चेन असेल तर बाही वरून, खांद्यापासून काढून आखूड करावी लागते. ते कामही निदान महिनाभर वापरल्याशिवाय करू नका, बहुधा लागणारच नाही. आणि चामड्याची सुई, चामडं न अडकता सरकवणारी मशीन ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच न्या. साध्या मशीनच्या दातऱ्यांचे व्रण पुसले जात नाहीत.

कुणी सांगेल की ओलं करून उन्हात वाळवलं, ड्रायर फिरवला की एल आक्रसतं. आक्रसतं, पण कुठे किती ते आपल्या हातात नसतं. ओल्या कातड्याला उष्णता लागली की तंतू गोळा होतात, वाळल्यावर ते कडक होतं आणि घडीवर तडकतं.

दहा दिवसांतला पहिला दिवस असा घालवा : टॅग न काढता, घरातच, घड्याळ आणि बकलाचा पट्टा उतरवून एम वीस-पंचवीस मिनिटं घाला, नेहमी घालता त्याच शर्टावर, शक्यतो रात्रीच्या जेवणानंतर, कारण सकाळचं पोट आणि रात्रीचं पोट यांत इंचाचा फरक पडू शकतो. फोन आणि पाकीट खिशात ठेवून चेन लावा. मिठीची चाचणी, खुर्चीची चाचणी, अस्तरातली चुणी, खालचा घेर. या चारांत एम पास झालं तर एल पाठवून द्या. पाठवताना पाठ मधोमध दुमडू नका, घडीची रेघ राहते आणि वापरलेलं म्हणून जॅकेट नाकारलं जाऊ शकतं. खांद्यात आणि बाह्यांत चुरगाळलेला कोरा कागद भरा (वर्तमानपत्राची शाई फिक्या अस्तराला लागते), बाह्या मागे घ्या आणि आलं त्याच खोक्यात सपाट ठेवा.